पहिली ओवी कोणाला?

लग्नघरी आजही एक दिवस जाते बाहेर निघते. माळ्यावरून उतरवलेले, नाहीतर शेजारून मागून आणलेले. धुऊनपुसून त्याला हळदीकुंकू लावतात, खुंट्याला आंब्याची पाने आणि सुपारी बांधतात. सुवासिनी मूठभर हळकुंडे घालून दोन-चार फेरे ओढतात, फोटो निघतात, आणि जात्याची पुन्हा माळ्यावर रवानगी होते. पुण्यात होते तसेच हे इंदूर, बडोदे, बेळगाव इथल्या मराठी घरांतही होते. एखादी आजी दोन ओव्या म्हणते. बाकीच्या ऐकतात, कारण त्यांना त्या येत नाहीत.

‘जात्यावर बसले की ओवी सुचते’ ही म्हण मात्र सगळ्यांना येते. कामाला हात घातला की पुढची वाट आपोआप दिसते, असा तिचा अर्थ आपण घेतो. पण ही म्हण मुळात एका ऐतिहासिक वस्तुस्थितीचे साधे वर्णन आहे. महाराष्ट्रात शेकडो वर्षे बायका पहाटे जात्यावर बसत होत्या आणि त्यांना खरोखरच ओवी सुचत होती. त्या ओवीत एक ठरलेली रीत होती. पहिली ओवी एकाच्या नावाने, दुसरी दुसऱ्याच्या, तिसरी तिसऱ्याच्या, अशी मोजत मोजत आपल्या आयुष्यातल्या माणसांची, देवांची आणि वस्तूंची आठवण काढायची.

अलीकडे मन शांत राहावे म्हणून रोज रात्री वहीत तीन चांगल्या गोष्टी लिहिण्याचा सल्ला दिला जातो. कृतज्ञतेची ही सवय नवी आहे असे वाटत असेल, तर जात्याकडे पाहावे. तिथे ती होती, रोज होती, आणि अक्षरओळख नसलेल्या बायकांच्या तोंडी होती. पण नुसते एवढे म्हणून थांबले तर इतिहास अर्धाच राहतो. कृतज्ञता कोणाबद्दल व्यक्त करायची, हे तिथे कशावरून ठरत होते आणि ते कधी बदलले, हे पाहिले पाहिजे.

आधी कामाबद्दल. जाते म्हणजे दगडाच्या दोन गोल तळ्या, एकीवर एक. खालची स्थिर, वरची फिरती. वरच्या तळीच्या मध्यभागी धान्य टाकायला तोंड आणि कडेला लाकडी खुंटा. मूठ मूठ दाणे टाकायचे, त्याला वैरण घालणे म्हणतात, आणि खुंटा धरून ओढायचे. दगड गुळगुळीत झाला की पीठ भरड पडते, म्हणून मधूनमधून त्याला टाकी लावून घ्यावी लागे. ज्वारी-बाजरीची भाकरी खाणाऱ्या घरात हे काम रोजचे असे. बाजरीचे पीठ तर चार दिवसांत कडू होते. आठवड्याचे दळण एकदाच करून ठेवण्याची सोय नव्हती. घरात जितकी खाणारी तोंडे, तितके पीठ पहाटेच्या अंधारात पडले पाहिजे. त्यानंतर पाणी, शेण, चूल आणि शेत होतेच.

मोठ्या घरात दोघी समोरासमोर बसत. सासू-सून, जावा-जावा, नणंद-भावजय. दिवसभर ज्यांचे एकमेकींशी पटत नसे त्यांचेही हात पहाटे एकाच खुंट्यावर असत आणि एकीने टाकलेली ओळ दुसरीला पुरी करावी लागे. पुरुष झोपलेले, मुले झोपलेली, आणि जात्याच्या घरघरीत बोललेले शब्द भिंतीपलीकडे नीट ऐकू न जाणारे. बाईला मनातले मोठ्याने म्हणता येईल अशी दिवसातली ही एकच वेळ. अनेक ओव्यांत जात्यालाच ईश्वर म्हटले आहे. माणसांना सांगता न येणारे सुखदुःख ऐकून घेणारा तो दगडाचा देव होता.

ही परंपरा किती जुनी? कल्याणीचा चालुक्य राजा तिसरा सोमेश्वर याच्या नावावर ‘मानसोल्लास’ हा बाराव्या शतकातला संस्कृत ग्रंथ आहे. महाराष्ट्रातल्या स्त्रिया कांडताना ओवी गातात, अशी नोंद त्यात आहे. दळण आणि कांडण ही जोडीचीच कामे. म्हणजे ज्ञानेश्वरांनी शके १२१२ मध्ये, इ.स. १२९० साली, नऊ हजारांवर ओव्यांत गीतेवर भाष्य केले त्याच्या शतकभर आधीपासून ओवी ही बायकांच्या कामाची चाल म्हणून राजदरबारापर्यंत माहीत होती. ओवी हा शब्द ‘ओवणे’ या क्रियापदाशी जोडतात. फुले ओवावीत तशी नावे ओवायची, हे जात्यावर बसणाऱ्या बाईला कोणी समजावून सांगावे लागले नसेल.

संतांनी ही जागा ओळखली होती. नामदेवांच्या घरी काम करणाऱ्या जनाबाईबरोबर विठ्ठल दळू लागला, ही कथा मराठी घराघरांत सांगितली जाते. पंढरपूरजवळ गोपाळपुरात जनाबाईचे जाते म्हणून एक जाते दाखवतात आणि वारीला आलेल्या बायका ते हाताने फिरवून पाहतात. देव बाईच्या कामाला हात लावतो, ही त्या कथेतली ओढ आहे. दख्खनच्या सूफींनीही हेच जाणले. विजापूरकडच्या सूफी कवींनी दख्खनी भाषेत ‘चक्कीनामा’ नावाची गाणी रचली. त्यांत जात्याच्या उभ्या खुंट्याला ‘अलिफ’ या अक्षराची उपमा देऊन, म्हणजे अल्लाच्या नावाचे पहिले अक्षर मानून, दळणे हेच नामस्मरण केले होते. रिचर्ड ईटन यांनी विजापूरच्या सूफींवरील अभ्यासात दाखवले आहे की सूफी विचार सामान्य घरांतल्या बायकांपर्यंत पोचण्याची ही एक मोठी वाट होती.

भाषांच्या सीमा जात्याने फारशा मानल्या नाहीत. भोजपुरी आणि मैथिली प्रदेशांत जात्यावरच्या गाण्यांना ‘जँतसार’ म्हणतात. कन्नडमध्ये ‘बीसुव पद’ आहेत. विजापूर भागातल्या हलसंगी गावच्या मित्रमंडळाने अशी त्रिपदीतली गाणी गोळा करून ‘गरतिय हाडु’ हा संग्रह सिद्ध केला आणि आधुनिक कन्नड कवितेला त्याचा मोठा आधार झाला. भाषा निराळी, दगड एकच, आणि पहाटही एकच.

आता त्या मोजणीकडे वळू. पहिल्या ओव्या बहुधा देवांच्या असत. पंढरपूर हे माहेर, विठ्ठल हा भाऊ किंवा बाप, रखुमाई ही भावजय. ज्या बाईला घरातून वारीला जाऊ दिले जात नसे ती जात्यावर बसून चंद्रभागेपर्यंत जाऊन येई. देवांनंतर आईबाप येत. आईची माया, बापाने केलेले लग्न, मुलगा, लेक, नवऱ्याचे घर, दारातली तुळस, उगवता सूर्य, गोठ्यातली जनावरे. पण संग्रह चाळताना जो माणूस पुन्हापुन्हा भेटतो तो भाऊ आहे. भावाचे रूप, भावाची बैलगाडी, त्याने आणलेली चोळी, दिवाळीला न्यायला येणे, त्याच्या संसाराला दिलेले आशीर्वाद. पहाटेच्या अंधारात सासरी बसलेली बाई भावाला जितक्यांदा आठवते तितक्यांदा नवऱ्यालाही आठवत नाही.

याला प्रेम म्हणायचेच. पण त्या प्रेमाला एक हिशेबही होता आणि तो कायद्याने घालून दिलेला होता. भाऊ असताना मुलीला बापाच्या जमिनीत वाटा नव्हता. लग्न झाले की माहेरचे दार तिच्यासाठी उघडे राहणार की नाही, हे आईबाप असेपर्यंत त्यांच्यावर आणि पुढे भाऊ-भावजयीच्या मर्जीवर. सासरी मारहाण झाली, नवरा मेला, दुष्काळ पडला, तर जायचे कुठे? भावाकडे. म्हणून भावाने दिलेल्या एका चोळीचे आभार वर्षानुवर्षे ओवीत फिरत राहतात. ती चोळी म्हणजे दार अजून उघडे असल्याची खूण होती. जिच्याकडे हक्काचा कागद नव्हता तिच्याकडे ओवी होती. भावजयीचे टोमणे, माहेरी झालेली उपेक्षा यांच्या ओव्याही त्याच तोंडातून येतात. आभार आणि तक्रार तिथे वेगळ्या काढता येत नाहीत.

सीतेच्या ओव्या हा याच तक्रारीचा मोठा भाग आहे. वनवासातली, सासुरवास सोसणारी, गरोदरपणी रानात सोडलेली सीता बायकांनी स्वतःची मैत्रीण केली. रामाचे नाव घेऊन दिवस सुरू करायचा आणि त्याच बैठकीत सीतेच्या बाजूने रामाला बोल लावायचा, यात त्यांना विसंगती वाटली नाही. ज्याचे उपकार मानायचे त्याला जाबही विचारता येतो, एवढे शहाणपण त्यांच्याकडे होते. आजच्या कृतज्ञतेच्या वहीत ही दुसरी बाजू लिहिण्यासाठी बहुधा ओळ सोडलेली नसते.

विसाव्या शतकात ही मोजणी एका ठिकाणी बदलली. मराठवाड्यात, बीड जिल्ह्यातल्या माजलगावच्या भीमनगर वस्तीत १९९६ साली ज्या ओव्या ध्वनिमुद्रित झाल्या, त्यांत बाबासाहेब आंबेडकर, रमाबाई आणि बुद्ध यांच्या ओव्या आहेत. चाल तीच, मोजणीची रीत तीच, पहिली, दुसरी, तिसरी. पण ज्या जागी पूर्वी पंढरीचा देव होता तिथे आता भीमराव आहेत. १४ ऑक्टोबर १९५६ रोजी नागपूरला जे धर्मांतर झाले ते बायकांनी जात्यावरही करून घेतले. देव बदलले, शतकानुशतकांची बैठक कायम राहिली.

हा बदल नावापुरता नव्हता. भावाचे आभार मानताना बाई एका मेहरबानीचे आभार मानत होती. ती मेहरबानी उद्या बंद होऊ शकत होती. बाबासाहेबांचे आभार मानताना ती शाळेचे, पाण्याचे, ताठ मानेने चालण्याचे आभार मानत होती. या गोष्टी कोणाच्या मर्जीच्या नव्हत्या. ज्या माणसाने मर्जीच्या जागी हक्क आणला त्याच्याबद्दलची ती कृतज्ञता होती. कायदामंत्री असताना हिंदू कोड बिल मागे पडले म्हणून बाबासाहेबांनी सप्टेंबर १९५१ मध्ये मंत्रिमंडळाचा राजीनामा दिला, हे त्यांच्या राजीनाम्याचे एक मोठे कारण होते. त्या बिलातलाच एक भाग पुढे १९५६ सालचा हिंदू उत्तराधिकार कायदा म्हणून आला आणि मुलीला बापाच्या मिळकतीत वारस म्हणून जागा मिळाली. एकत्र कुटुंबाच्या वडिलोपार्जित मालमत्तेत मुलाच्या बरोबरीने जन्मसिद्ध वाटा मिळायला मात्र महाराष्ट्रात १९९४ आणि देशभर २००५ साल उजाडावे लागले. म्हणजे भावाच्या ओव्या ज्या परिस्थितीतून जन्मल्या त्या परिस्थितीला हात घालणारा माणूसच पुढे पहिल्या ओवीत येऊन बसला.

याच काळात जाते थांबत चालले होते. आधी डिझेल इंजिनवर चालणारी, मग विजेची पिठाची गिरणी गावात आली. दळणाचा डबा डोक्यावर घेऊन जायचे, नंबर लावायचा, गरम पीठ घेऊन घरी यायचे. पहाटेचे दोन-तीन तास मोकळे झाले. खांदे, कंबर, तळहात यांना सुटका मिळाली. ओवी गेली म्हणून हळहळणाऱ्यांनी हे विसरू नये. जाते ओढणाऱ्या बायकांपैकी फार थोड्यांना आपल्या लेकीने तेच करावे असे वाटत असेल. गिरणीने त्यांचे काम हलके केले. पण ज्या वेळात त्या मोकळेपणाने बोलत होत्या तो वेळही त्याबरोबर गेला, आणि त्याच्या बदल्यात काही मिळाले नाही.

ओव्या लिहून ठेवण्याचे प्रयत्न त्याआधीच सुरू झाले होते. साने गुरुजींनी बायकांकडून ओव्या मिळवून ‘स्त्रीजीवन’ हा संग्रह केला. सरोजिनी बाबर यांनी राज्याच्या लोकसाहित्य समितीमार्फत गावोगावची गाणी आणि कथा खंडाखंडांनी प्रसिद्ध केल्या. खानदेशात, जळगावजवळच्या आसोदे गावी १८८० साली जन्मलेल्या बहिणाबाई चौधरींना लिहिता-वाचता येत नव्हते. त्या काम करता करता म्हणत आणि मुलगा सोपानदेव व घरातली माणसे ते उतरवून ठेवत. १९५१ मध्ये त्या गेल्या. आचार्य अत्र्यांच्या पुढाकाराने १९५२ साली त्यांची गाणी पुस्तकरूपाने आली. खानदेशात जात्याला घरोट म्हणतात, आणि त्या घरोटाशी बोलणारी त्यांची कविता आज शाळेतल्या मुलांनाही ठाऊक आहे. पण बहिणाबाई एकट्या नव्हत्या. त्यांच्या घरात लिहून घेणारा कवी मुलगा होता, इतर घरांत तो नव्हता, एवढाच फरक पुष्कळदा असावा.

या इतर घरांकडे सर्वांत चिकाटीने गेले ते हेमा राईरकर आणि गी पॉइत्वाँ. गी मूळचे फ्रान्सचे, पुण्यात स्थायिक झालेले. पुणे जिल्ह्यातल्या मुळशी-मावळच्या डोंगरी गावांत गरीब कष्टकऱ्यांची संघटना बांधताना बायका आपले म्हणणे सरळ सांगत नाहीत, पण ओवीतून सांगतात, हे त्यांच्या लक्षात आले. मग गावातल्याच कार्यकर्त्या बायकांच्या मदतीने त्यांनी ओव्या जमवायला सुरुवात केली. पुढे हे काम महाराष्ट्राच्या अनेक जिल्ह्यांत पसरले. अकराशेहून अधिक गावे, तीन हजारांहून अधिक गाणाऱ्या बायका आणि एक लाखाहून अधिक ओव्या, असा तो संग्रह आहे. १९९० च्या दशकात बर्नार बेल यांनी त्यांतल्या पुष्कळ ओव्यांचे ध्वनिमुद्रण केले. ‘स्टोनमिल अँड भक्ती’ या १९९६ च्या इंग्रजी पुस्तकात हेमाताई आणि गी यांनी दाखवले की शेतकरी बाईची भक्ती आणि मठातल्या स्वामींचे तत्त्वज्ञान या दोन निराळ्या गोष्टी आहेत. गी २००४ मध्ये आणि हेमाताई २०१० मध्ये गेल्या. त्यानंतर हा सगळा ठेवा ‘पारी’ या ग्रामीण भारताच्या संग्रहाने आपल्याकडे घेतला आणि २०१७ पासून तो लोकांसमोर येऊ लागला.

या संग्रहात एक साधी गोष्ट आहे आणि तीच मला सर्वांत मोठी वाटते. ओवीबरोबर गाणारीचे नाव आहे, तिच्या गावाचे नाव आहे. आठशे-नऊशे वर्षे ज्या बायकांनी दुसऱ्यांची नावे ओवीत ओवली, त्यांचे स्वतःचे नाव त्यांच्या शब्दांपुढे लागण्याची वेळ बहुधा पहिल्यांदाच आली. पारीची मंडळी नंतर त्यांतल्या काही गावांना पुन्हा जाऊन आली. कुठे गाणारी भेटली, कुठे तिच्या घरची माणसे भेटली. जिचा आवाज घरात कोणी जपून ठेवला नव्हता तिचा आवाज असा परत आला.

इतके सगळे झाल्यावर भावाच्या ओवीचे काय झाले, हाही प्रश्न विचारला पाहिजे. मुलीला वाटा देणारा कायदा आहे. तरी तलाठ्याकडे नोंद घालायची वेळ आली की बहिणींकडून हक्कसोडपत्रावर सह्या घेतल्या जातात. बहीण सही करते, भाऊ साडी नेसवतो, आणि माहेर टिकते. सही न करणारीला माहेर उरत नाही, असे गावात बोलले जाते. म्हणजे जात्यावरचा तो जुना हिशेब अजून मिटलेला नाही. ओवी बंद झाली, व्यवहार चालू आहे. बहिणीने भावाबद्दल कृतज्ञ असावे, यात वाईट काहीच नाही. पण त्या कृतज्ञतेची किंमत अर्धा एकर जमीन असेल, तर तिला दुसरे नाव शोधले पाहिजे. उपकाराचे आभार आणि हक्काचे आभार यांतला फरक माजलगावच्या बायकांना कळला होता.

रोजच्या आयुष्यात कृतज्ञ राहावे, हे जात्यावरच्या बायकांकडून शिकावेच. पण त्यांच्या रीतीने शिकावे. त्यांनी काम थांबवून आभार मानले नाहीत. समोर बसलेली सोबतीण त्यांनी त्या मोजणीत धरली. देवाला आणि भावाला त्यांनी धन्यवाद दिले आणि त्याच दमात जाबही विचारला. आणि ज्या दिवशी पहिल्या ओवीवर अधिक हक्क असलेला माणूस भेटला त्या दिवशी त्यांनी पहिली ओवी त्याला दिली.

पुढच्या लग्नघरी जाते निघेल, तेव्हा ती आजी पुन्हा दोन ओव्या म्हणेल. फोटो काढून झाला की तिच्याजवळ बसावे. पहिली ओवी कोणाची, दुसरी कोणाची, हे विचारावे. ती सांगेल ते लिहून घ्यावे. खाली तिचे नाव आणि गाव लिहायला विसरू नये.